घर रिकामे करण्याच्या कामालाही करारात जागा द्या

प्रति,
मुंबई व ठाणे परिसरातील, पुनर्विकासाचा निर्णय घेतलेल्या किंवा घेऊ पाहणाऱ्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या व्यवस्थापक समित्यांचे पदाधिकारी आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आपल्या सर्वसाधारण सभांमध्ये वाढीव क्षेत्रफळ, कॉर्पस निधी, मासिक भाडे, बँक हमी आणि वाहनतळ या विषयांवर रात्री उशिरापर्यंत चर्चा होते, आणि ती झालीच पाहिजे, कारण सभासदांच्या आयुष्यभराच्या कमाईचा तो प्रश्न असतो. मात्र विकासकाशी होणाऱ्या जाडजूड करारनाम्यात जुने घर रिकामे करण्याच्या कामाला बहुधा एखाददुसरी ओळ मिळते: सूचना मिळाल्यापासून अमुक दिवसांत सभासद सदनिकेचा रिकामा ताबा देतील, आणि सामान हलवण्याच्या खर्चापोटी त्यांना अमुक रक्कम मिळेल. त्या ओळीमागे चाळीस-पन्नास वर्षांचा संसार असतो, अंथरुणाला खिळलेले माणूस असते, परदेशी गेलेल्या मुलांच्या खोक्यांनी भरलेला माळा असतो, आणि हे सगळे उपसायला अनेकदा सत्तरी ओलांडलेले एखादे जोडपे किंवा एकटीच राहणारी बाई असते. आम्ही काही जणी मुलुंड आणि ठाण्यात अशा कुटुंबांना घर आवरायला, सामान कमी करायला आणि नव्या जागेत बस्तान बसवायला मदत करतो. या कामात जे सतत दिसत आले आहे, ते आपल्यापुढे मांडून काही मागण्या कराव्यात, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आज पुनर्विकासाला निघालेल्या बऱ्याच इमारती तळमजला अधिक तीन किंवा चार मजल्यांच्या, बिनलिफ्टच्या आहेत. तिथे ऐन तिशीत राहायला आलेली माणसे आज वृद्ध झाली आहेत. एका रस्त्यावरच्या तीन-चार इमारती एकाच सुमारास रिकाम्या होऊ लागल्या की त्या परिसरातली भाडी चढतात, विकासक देत असलेल्या भाड्यात पूर्वीएवढे घर मिळत नाही, आणि कुटुंबाला लहान जागेत किंवा दोन-तीन स्थानके पलीकडे जावे लागते. त्यात अनेक घरमालक एकट्या वृद्धांना किंवा आजारी माणूस असलेल्या कुटुंबाला घर द्यायला तयार नसतात. दलाल हे फोनवरच सांगून मोकळे होतात. अशा स्थितीत सामान कमी करणे ही हौस किंवा टापटीप राहत नाही, ती सक्ती होते. सक्तीने आणि घाईने केलेली आवराआवर घरातल्या थकलेल्या माणसांवर किती जड जाते, ते प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय उमगत नाही.

एका घराचे उदाहरण देते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका आजींच्या माळ्यावरून आम्ही पितळेची पातेली, तांब्याचा बंब, कळशी, परात, डबे असे उतरवत होतो. प्रत्येक भांड्याच्या काठावर नाव कोरलेले होते: लग्नात आहेर करणाऱ्याचे, मुंजीत देणाऱ्याचे, आणि काहींवर तारीखही. आजी चष्मा पुसून प्रत्येक भांडे खिडकीशी धरत, नाव मोठ्याने वाचत आणि ते माणूस कोण होते ते सांगत. त्यांच्या मुलाने ठरवलेला मोडवाला खाली काटा घेऊन उभा होता आणि दर दहा मिनिटांनी हाक मारत होता. त्याला आम्ही दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. नातीने प्रत्येक नावाचा फोटो काढला आणि कोण, कुठले, कोणत्या प्रसंगी हे वहीत लिहून घेतले. संध्याकाळपर्यंत आजींनी स्वतःच्या हाताने तीन भांडी ठेवण्यासाठी बाजूला काढली, दोन जावेच्या मुलींसाठी ठेवली आणि उरलेली मोडीत द्यायला संमती दिली. भांडी गेलीच, परंतु ती त्यांनी दिली, त्यांच्याकडून कोणी काढून घेतली नाहीत. त्यासाठी लागली ती एक दुपार. आपल्या करारातल्या मुदतीत ही दुपार कुठेही धरलेली नसते.

सगळ्याच घरांत इतकी समजूतदार नात नसते. मुलगा चार दिवसांची रजा काढून बंगळुरूहून किंवा अमेरिकेतून येतो, त्याच चार दिवसांत भाड्याचे घर शोधणे, करार करणे आणि जुने घर उपसणे ही सगळी कामे करायची असतात, मग वडील झोपले असताना रात्री रद्दीच्या गोण्या भरल्या जातात. त्या मुलावर माझा राग नाही, कारण त्याच्यासमोर दुसरा मार्ग कोणी ठेवलेलाच नसतो. पण त्या गोण्यांतून काय जाते, हे आपण लक्षात घ्यावे. जुन्या पिढीने महत्त्वाची कागदपत्रे बँकेच्या लॉकरपेक्षा साडीच्या घडीत, पोथीच्या बासनात, गहू-तांदळाच्या डब्याखाली आणि देव्हाऱ्याच्या खणात अधिक ठेवली. मुदतठेवींच्या पावत्या, टपाल खात्याची प्रमाणपत्रे, कंपन्यांचे कागदी समभाग, विम्याच्या पॉलिसी आणि खुद्द आपल्या संस्थेचे भागप्रमाणपत्र अशा ठिकाणी सापडते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जातात, तरी वारसांना त्या परत मागता येतात आणि त्यांचा शोध घेण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. सलग सात वर्षे लाभांश न घेतलेले समभाग गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, तेही अर्ज करून सोडवता येतात. मात्र मूळ कागद रद्दीत गेला, तर अशा ठेवी किंवा समभाग होते हेच कुटुंबाला पुढे कळत नाही. म्हणून कोणत्याही घरातला कागद रद्दीवाल्याच्या काट्यावर जाण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहायचा, एवढा एक नियम प्रत्येक संस्थेने आपल्या सभासदांना लेखी कळवावा, अशी माझी पहिली विनंती आहे.

काही घरांत, विशेषतः कोकणातून किंवा देशावरून मुंबईत आलेल्या कुटुंबांच्या ट्रंकांत, मोडी लिपीतली जुनी दप्तरे, खतपत्रे आणि जमाखर्चाच्या वह्या निघतात. घरात कोणालाच वाचता येत नाही म्हणून त्या टाकल्या जातात. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय अशा कागदांचे मोल जाणतात. मंडळाकडे विचारणा करायला एक फोन पुरतो.

आजारी माणसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला घर बदलले की दिवस-रात्रीचा आणि दिशांचा गोंधळ वाढतो. रात्री उठल्यावर मोरी डावीकडे आहे, हे त्यांच्या पायांना पाठ झालेले असते. नव्या घरात ती उजवीकडे असते, आणि पडून मांडीचे हाड मोडण्याचा धोका तिथेच असतो. अशा माणसाची खाट, उशी, भिंतीवरचे घड्याळ, देवाची तसबीर आणि रोजचा पेला या वस्तू सर्वांत शेवटी बांधाव्यात आणि सर्वांत आधी सोडाव्यात, खाट शक्यतो जुन्या घरातल्याच दिशेला लावावी, मोरीपर्यंतच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा, आणि सामान हलवण्याच्या दिवशी त्यांना गोंगाटापासून दूर एखाद्या ओळखीच्या घरी बसवावे, असे आम्ही सांगतो. बिनलिफ्टच्या इमारतीतून चालता न येणाऱ्या माणसाला खाली आणण्यासाठी चाकांची नव्हे, जिन्यावरून उचलून नेता येईल अशी पट्टे असलेली खुर्ची आणि ती सांभाळून धरणारी चार माणसे लागतात. आजवर बहुतेक ठिकाणी हे काम टेम्पोबरोबर आलेल्या हमालांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर केलेले मी पाहिले आहे. त्यांनी ते मायेने केले, तरी ते धोक्याचेच होते. ज्या विकासकाला हजारो चौरस फुटांची विक्री करायची आहे, त्याने अशा प्रत्येक सभासदासाठी प्रशिक्षित मदतनीस आणि रुग्णवाहिका द्यावी, ही अट करारात घालणे अजिबात अवघड नाही. ऑक्सिजन यंत्र, हवेची गादी, कमोड खुर्ची असे साहित्य अनामत घेऊन देणारी रुग्णसाहित्य केंद्रे बहुतेक उपनगरांत आहेत. त्यांची माहिती संस्थेच्या फलकावर आजच लावता येईल.

आता ताबा देण्याच्या तारखेविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सर्वांत मोठे नुकसान तिथे होते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ अन्वये ३ जानेवारी २००९ रोजी आणि सुधारित स्वरूपात ४ जुलै २०१९ रोजी शासनाने पुनर्विकासाबाबत मार्गदर्शक निर्देश दिले. सर्व कायदेशीर मंजुऱ्या मिळाल्यानंतरच सभासदांनी सदनिका रिकाम्या कराव्यात, आणि बांधकामाच्या काळात शक्यतो त्याच परिसरात पर्यायी जागा किंवा सभासदांना मान्य असे भाडे व अनामत मिळावी, असा या निर्देशांचा रोख आहे. प्रत्यक्षात मंजुऱ्या अर्धवट असताना, ‘पावसाळ्याआधी पाडकाम झाले पाहिजे’ असे सांगून इमारती रिकाम्या करून घेतल्या जातात, आणि मग रिकामी इमारत महिनोन्‌महिने तशीच उभी राहते. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांच्या पुनर्वसनाचा करार २००८ मध्ये झाला आणि त्या कुटुंबांना दहा वर्षांहून अधिक काळ भाड्याच्या घरांत काढावा लागला, हे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांतून वाचले आहे. तो म्हाडाच्या वसाहतीचा विषय होता आणि आपली संस्था लहान आहे, असे कृपया म्हणू नये. घर सोडून निघालेल्या माणसाच्या दृष्टीने त्यात काही फरक नसतो, आणि ऐंशी वर्षांच्या सभासदासाठी तर तीन वर्षांचा विलंबही फार मोठा आहे.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की मंजुऱ्यांच्या प्रती सभासदांना दाखवल्यानंतरच ताब्याची तारीख जाहीर करावी, ती जाहीर झाल्यापासून किमान तीन महिने मिळावेत, आणि ती मार्च-एप्रिलच्या परीक्षांत, ऐन पावसात किंवा गणपतीच्या आठवड्यात येणार नाही हे पाहावे. सगळ्या बिऱ्हाडांना एकाच रविवारी बाहेर काढण्यापेक्षा मजल्यानुसार तारखा लावाव्यात. वृद्ध आणि आजारी सभासदांना त्यातली त्यांना सोयीची तारीख आधी निवडू द्यावी. आणखी एक साधी गोष्ट: सामान हलवण्याची रक्कम बहुधा किल्ल्या दिल्याच्या दिवशी हातात पडते, खर्च मात्र त्याआधीचा असतो. भाड्याच्या घराची अनामत, दलाली, भाडेकराराची नोंदणी, टेम्पो, सुतार, पंखे आणि गिझर काढून बसवणारा, हे सगळे आधी लागते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना ही उचल कुठून करायची ते समजत नाही आणि मागायला संकोच वाटतो. ही रक्कम व भाड्याचा पहिला हप्ता किमान महिनाभर आधी द्यावा.

ज्या सदनिकांचे मूळ सभासद हयात नाहीत, त्या घरांची अडचण आणखी वेगळी आहे. वडील गेले, सदनिका आईच्या किंवा मुलांच्या नावावर झालेली नाही, भावंडांत बोलणे नाही, आणि भाड्याचा धनादेश कोणाच्या नावे काढायचा यावर सगळे अडते. शेवटी त्या घरात राहणारी आईच भाड्याच्या पैशांवाचून राहते. सहकारी संस्था अधिनियमात २०१९ मध्ये घातलेल्या कलम १५४ब-१३ नुसार वारसांची नोंद होईपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीला तात्पुरता सभासद करून घेता येते, आणि कायदेशीर वारसा हक्काच्या कागदांवरून किंवा वारसांनी केलेल्या कौटुंबिक व्यवस्थापत्रावरून पुढे हस्तांतर करता येते. विकासक नेमण्याआधीच समितीने अशा सदनिकांची यादी करून त्या कुटुंबांशी बोलावे. मध्यस्थीसाठी एखादा ज्येष्ठ आणि सर्वांना मान्य असलेला शेजारी बरोबर घ्यावा. तारीख जाहीर झाल्यावर उकरून काढलेला वाद त्या तीन महिन्यांत मिटत नाही, आणि त्याचा सगळा ताण घर आवरणाऱ्या एकट्या बाईवर येतो.

काही संस्थांना मात्र तारीख ठरवण्याची मुभाच मिळत नाही. इमारत तीस वर्षांहून जुनी असेल तर तिचे संरचनात्मक लेखापरीक्षण करावे लागते. त्यात ती ‘सी-१’, म्हणजे अतिधोकादायक ठरली की मुंबई महापालिका मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ अन्वये ती रिकामी करण्याची नोटीस देते, आणि रहिवासी निघाले नाहीत तर पाणी आणि वीज तोडली जाते. तिथे जीव वाचवणे हेच पहिले काम आहे आणि नोटिशीला विरोध करत बसा असे मी कधीही सांगणार नाही. तरीही अशा वेळी काय आधी न्यायचे याची यादी प्रत्येक घराच्या दाराआड लावलेली असावी: कागदपत्रांची पिशवी, महिनाभराची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, चष्मा, दातांची कवळी, श्रवणयंत्र, मुलांची दप्तरे, देव. महापालिका रहिवाशांची नावे व त्यांच्या जागेचे क्षेत्रफळ नोंदवते. ती नोंद बरोबर आहे ना, हे घर सोडण्याआधी प्रत्येकाने तपासून तिची प्रत जवळ ठेवावी, कारण पुढचा हक्क त्यावर ठरतो. ज्यांच्या इमारतीच्या लेखापरीक्षणात दुरुस्ती सुचवली आहे, त्यांनी माळा आजपासूनच थोडाथोडा हलका करायला घ्यावा.

देव हा शब्द मी वर सहज लिहिला, पण त्यासाठी अनेक घरांत सर्वांत जास्त चर्चा होते. टाक, कुलदेवतेची मूर्ती, शंख, शाळिग्राम भाड्याच्या घरात कुठे ठेवायचे, घरमालकाला चालेल का, गौरी-गणपती या वर्षी कोणाकडे बसवायचे, यावर निर्णय होईपर्यंत काही माणसांचे कशातच लक्ष लागत नाही. हा प्रश्न किरकोळ समजू नये. भाड्याचे घर ठरवतानाच मालकाशी तो बोलून घ्यावा.

हे सगळे एकट्या सचिवाने करावे, असे मी सुचवत नाही. त्यांच्यावर आधीच वकील, वास्तुविशारद आणि उपनिबंधक कार्यालय यांचा भार असतो. विकासकाची निवड झाली की संस्थेने चार-पाच सभासदांची स्वतंत्र स्थलांतर समिती नेमावी, तिच्यात निम्म्या महिला असाव्यात आणि एक-दोन तरुण असावेत. या समितीने घरोघरी जाऊन कोण एकटे आहे, कोणाला जिना उतरता येत नाही, कोणाचे डायलिसिस चालू आहे, कोणाला घर शोधायला मदत हवी आहे, याची नोंद करावी. परिसरातल्या दलालांशी सर्वांच्या वतीने एकत्र बोलल्यास दलाली कमी होते आणि वृद्धांना नकार देणारे मालकही संस्थेच्या शब्दावर तयार होतात, हे आम्ही पाहिले आहे. भंगार, मोड आणि रद्दी यांचे दर सर्वांसाठी एकदाच ठरवून ते फलकावर लिहावेत. आज एकाच इमारतीत शेजारशेजारच्या घरांना पितळेचा वेगवेगळा दर मिळतो, आणि कमी दर नेहमी एकट्या बाईच्या वाट्याला येतो. आधी रिकामी झालेली तळमजल्यावरची एखादी सदनिका वर्गवारीसाठी ठेवावी, म्हणजे वापरण्याजोगे कपडे, पुस्तके, भांडी, पलंग तिथे मांडून गरजूंना नीट देता येतील. जुने पलंग आणि कपाटे पदपथावर टाकून जाऊ नये, तसेच मुदत संपलेली औषधे आणि बिघडलेली विजेची उपकरणे कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत.

याच समितीने आणखी काही माणसांची आठवण ठेवावी, जी आपल्या सभासद यादीत नसतात. आपल्या इमारतीत चार-पाच घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाईंचे सगळे काम एका महिन्यात बुडते. जिन्याखाली राहणाऱ्या रखवालदाराच्या कुटुंबाला कोणी भाडे देत नाही. सभासद जिथे राहायला जात आहेत तिथे त्यांना काम मिळवून देणे आणि निघताना प्रत्येक घराने एक महिन्याचा पगार अधिकचा देणे, एवढे आपल्याला नक्की करता येईल.

आणि शेवटी, स्थलांतर समिती ताबा दिल्याच्या दिवशी विसर्जित करू नये. पांगलेल्या सभासदांचे नवे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक तिच्याकडे असावेत, पहिल्या महिन्यात तिने प्रत्येक वृद्ध सभासदाकडे एकदा तरी जाऊन यावे, गॅस जोडणी, बँकेतला पत्ता, नोव्हेंबरातला निवृत्तिवेतनाचा हयातीचा दाखला अशा गोष्टी अडल्या आहेत का ते पाहावे, आणि भाडे थकल्यास ते समितीकडून विकासकापर्यंत पोहोचावे, सभासदाला एकट्याला फोन करत बसावे लागू नये. नव्या इमारतीत परत येताना पुन्हा हेच सगळे करावे लागणार आहे, म्हणून परतीच्या खर्चाची रक्कमही आजच्या करारात वेगळी लिहून घ्यावी.

ताब्याची मुदत, आगाऊ रक्कम, आजारी सभासदांसाठी प्रशिक्षित मदत, आणि स्थलांतर समिती हे चार विषय आपल्या पुढील सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावेत आणि विकास करारावर सह्या होण्यापूर्वी त्यांवर ठराव करून ते करारात समाविष्ट करावेत, अशी माझी आपणांस आग्रहाची विनंती आहे. ज्यांचा करार आधीच झाला आहे, त्यांनाही पूरक करार करता येतो, आणि स्थलांतर समिती नेमायला तर विकासकाची संमती लागत नाही.

आपली विश्वासू,
घर आवरण्याच्या कामात कुटुंबांना मदत करणारी एक कार्यकर्ती,
मुलुंड